मंडळाचा लोगो आणि सीएनची रेघ

रेडिओवरून चित्राबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच, पण आज ज्या लोगोबद्दल बोलणार आहे तो तुम्ही पाहिलेला आहे. रेल्वे फाटकाशी गाडी थांबवून न संपणारी मालगाडी बघत बसतो ना आपण, तिच्या इंजिनावरचा सीएन.

अ‍ॅलन फ्लेमिंग या टोरांटोच्या डिझायनरने तो केला आणि 1960 साली तो वापरात आला. अजून बदललेला नाही! सी आणि एन, दोन्ही अक्षरं एकाच जाडीच्या रेघेत, हात न उचलता काढल्यासारखी. चाक नाही, रूळ नाहीत, आधीच्या चिन्हातलं मेपलचं पानही नाही. 'रेल्वे'चा आर सुद्धा काढला. मला ती सगळ्यात मोठी हुशारी वाटते, कारण त्यामुळे इंग्रजी आणि फ्रेंच, दोन्ही नावांना तीच दोन अक्षरं पुरली.

आता आपल्या मंडळांचे लोगो आठवा. गणपती, मागे मेपलचं पान, बाजूला तुतारी, खाली महाराष्ट्राचा नकाशा आणि भोवती गोलाकार पूर्ण नाव. यातलं काहीच चुकीचं नाही. प्रत्येक गोष्टीमागे समितीतलं कुणीतरी असतं आणि कुणाला दुखवायचं नाही म्हणून सगळंच घेतलं जातं. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटाण्याएवढ्या गोलात नुसता भगवा ठिपका उरतो.

मेपलचं पान घ्यायचंच असेल तर निदान झेंड्यावरचं नीट बघा. 1965 च्या त्या पानाला 11 टोकं आहेत. झाडावरच्या खऱ्या पानाला बरीच जास्त असतात. वाऱ्यावर फडकताना, लांबून पान ओळखू यावं म्हणून ती कमी केली.

दोन भाषांचा पेच आपल्यालाही आहेच. इथे वाढलेली आपली बरीच मुलं मराठी बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. म्हणून सगळं रोमनमध्ये करावं, हे मला पटत नाही. चार वर्षांचं पोरही सीएन 'वाचत' नाही, ओळखतं. तसा शिरोरेघेखालचा एक जाड, मोकळा 'म' ते ओळखेल. पूर्ण नाव मात्र चिन्हात कोंबू नका, शेजारी वेगळं लिहा, हवं तर दोन्ही लिप्यांत. 'महाराष्ट्र' मधला 'ष्ट्र' लहान आकारात शाईचा डाग होतो, हे आपल्या पावतीपुस्तकांवर बघा एकदा.

नवा लोगो ठरवण्याआधी तो साध्या प्रिंटरवर काळ्या रंगात छापा, हॉलच्या मागच्या भिंतीवर लावा आणि स्टेजवरून एखाद्या मुलाला विचारा, काय दिसतंय? ओळखू आला नाही तर रंग बदलत बसू नका, काहीतरी काढा. काय काढायचं यावर समितीत वाद होणारच. तो डिझायनरला काम देण्याआधीच उरकून घ्या, म्हणजे त्याचे तास आणि मंडळाची वर्गणी, दोन्ही वाचेल.