खेळ कोणी घडविला?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, युनियनचा माणूस आहे, बोनस, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे यांपैकी कशावर तरी बोलेल. आम्ही विषय कळविला : व्हिडिओ गेम. त्यावर चिटणीसांचा फोन आला की, ऐकण्यात आमची काही चूक तर होत नाही ना? चूक झालेली नव्हती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने मुलांच्या खेळाबद्दल का बोलावे, हे आपल्याला तासाभरात पटले नाही, तर दोष विषयाचा नसून आमचा समजावा.

प्रथम आमची ओळख. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण मोफत वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटात झाले. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत लूम खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा बाहेर पडलेल्या सुमारे अडीच लाखांत तेही होते. ते पुन्हा आत गेले नाहीत. पुढे काही वर्षांनी आमच्या भागात व्हिडिओ गेमचे पार्लर निघाले. आम्ही दाराशी उभे राहून दुसऱ्यांचा खेळ पाहत असू, कारण यंत्रात टाकायला नाणे नसे. त्या खेळाशी आमचा संबंध एवढाच होता.

गेल्या दिवाळीत आमची पुतणी पुण्याहून आली. ती तेथे एका कंपनीत खेळ तपासण्याचे काम करते. खेळ बाजारात जाण्यापूर्वी तो शेकडो वेळा खेळून कोठे अडतो, कोठे चुकतो, हे नोंदवायचे, असे ते काम आहे. तिने टीव्हीला जोडायची पेटी आणली होती. या पेटीला कन्सोल म्हणतात. त्यावर तिने जो खेळ लावला तो नवा नव्हता. 'अटारी फिफ्टी' नावाचा तो जुन्या खेळांचा संग्रह आहे. अटारी ही अमेरिकेतली कंपनी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ साली काढली. तिला ५० वर्षे झाली म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये डिजिटल एक्लिप्स या संस्थेने तिचे शंभरावर खेळ एकत्र करून आजच्या पेट्यांसाठी पुन्हा प्रसिद्ध केले.

जुना खेळ नव्या पेटीत चालतो कसा, हे आम्ही विचारले. उत्तर ऐकून मौज वाटली. नव्या पेटीतला एक प्रोग्रॅम जुन्या पेटीचे सोंग घेतो. ते इतके हुबेहूब वठते की, जुन्या खेळाला आपण आपल्याच घरी आहोत असे वाटते. म्हणून खेळ पुन्हा लिहावा लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेला मजकूर अक्षर न् अक्षर तसाच चालतो, त्यातल्या चुकांसह आणि त्यातल्या गुपितांसह. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे.

ती जुनी पेटी १९७७ सालची. तिच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळाच्या डबीत, साधारण ४०९६ बाइट मावत. आमचे आजचे भाषण तिच्यात मावणार नाही. पेटीची स्वतःची स्मृती तर अवघी १२८ बाइट. आपण सुरुवातीला ऐकलेल्या पहिल्या वाक्यालाही ती पुरली नसती. एवढ्या स्मृतीत पडद्यावरचे सबंध चित्र ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून चित्र एकेका आडव्या ओळीने काढावे लागे. टीव्हीचा किरण एक ओळ काढून पुढच्या ओळीवर येईपर्यंत, त्या ओळीत काय दिसावे हे प्रोग्रॅमने सांगितलेच पाहिजे. ओळ हुकली की चित्र बिघडले. अशा सुमारे १९२ ओळी, आणि सबंध चित्र सेकंदाला ६० वेळा. पुतणी हे समजावून सांगत होती, तेव्हा आम्हांला वडिलांचा लूम आठवला. ताणा उभा असतो आणि धोटा एकेक बाणा टाकीत जातो. अख्खे कापड कोणी एकदम विणीत नाही.

मग तिने 'ॲडव्हेंचर' नावाचा खेळ लावला. हा खेळ वॉरेन रॉबिनेट या तरुणाने लिहिला आणि तो १९८० साली विक्रीस आला. खेळणारा म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन. त्याने किल्ल्यांची कुलपे उघडायची, तीन ड्रॅगन चुकवायचे आणि हरवलेला चषक घरी आणायचा. ड्रॅगन बदकासारखे दिसतात. आम्ही हसलो, आणि लगेच एका बदकाने आम्हांला गिळले.

पुतणी म्हणाली, "काका, आता बघा." दुसऱ्या पातळीवर काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात चारी बाजूंनी बंद अशी एक जागा आहे. पूल उचलून नेल्याशिवाय आत शिरता येत नाही. तिथे एक करडा ठिपका पडलेला असतो. तो जमिनीच्या रंगाचाच असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. तो उचलायचा, पिवळ्या किल्ल्याजवळच्या एका खोलीत आणायचा आणि दुसऱ्याही वस्तू तेथे आणून ठेवायच्या. मग भिंत लुकलुकू लागते आणि आपण तिच्यातून पलीकडे जातो. पलीकडच्या खोलीत चषकही नाही आणि ड्रॅगनही नाही. फक्त उभी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ असा, की हा खेळ वॉरेन रॉबिनेट यांनी घडविला.

त्या काळी अटारीच्या खेळांवर खेळ करणाराचे नाव नसे. नाव कंपनीचे. रॉबिनेट यांनी पुढे स्वतः सांगितले आहे की, त्यांना वर्षाला सुमारे २२ हजार डॉलर पगार होता, आणि साधारण २५ डॉलरला एक या भावाने त्यांच्या खेळाच्या दहा लाख प्रती खपल्या. त्या खपातला वाटा नाही आणि नावही नाही. तेव्हा त्यांनी कोणाला न सांगता, कार्ट्रिजमधली सुमारे पाच टक्के जागा खर्चून, आपले नाव खेळातच पुरून ठेवले आणि १९७९ साली नोकरी सोडली. पुढे सॉल्ट लेक सिटीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने ती खोली शोधून काढली आणि कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा कंपनीला पत्ता लागला. नाव काढून टाकायचे तर खर्च फार. म्हणून ते राहिले. पाश्चात्त्य देशांत ईस्टरला मुलांनी शोधावीत म्हणून अंडी लपवितात, त्यावरून अशा गुपितांना नाव पडले. जगाला ही गंमत वाटते. आम्हांला मात्र तो एका कामगाराने केलेला अर्ज वाटतो.

त्याच सुमारास अटारीत आणखी एक गोष्ट घडली. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांच्या हाती खेळांच्या खपाचा एक कागद आला. क्रेन यांनी सांगितले आहे की, त्या वर्षीच्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या विक्रीपैकी सहा कोटींची विक्री या चौघांच्या खेळांची होती. ते कंपनीचे प्रमुख रे कॅसार यांच्याकडे गेले. गाण्याच्या तबकडीवर गायकाचे नाव असते आणि त्याला वाटाही मिळतो, तसे आमचेही व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. कॅसार हे बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापडधंद्यातल्या मोठ्या कंपनीतून आलेले. त्यांच्या उत्तरासंबंधी या मंडळींनी पुढे जे सांगितले आहे, त्याचा सारांश असा : तुम्ही टॉवेलची नक्षी काढणाऱ्यांसारखे आहात, खेळाच्या निर्मितीत तुमचे महत्त्व जुळणीच्या पट्ट्यावरच्या माणसापेक्षा अधिक नाही. चौघे बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिने खेळाबरोबरच्या पुस्तिकेत करणाराचे नाव आणि छायाचित्र छापण्यास सुरुवात केली.

ही कथा सांगताना बहुतेक जण चौघांची बाजू घेतात, आणि आम्हीही घेतो. पण आमच्या घरी टॉवेलाचे कापड विणणारा माणूस होता. ताग्यावर गिरणीचा छाप असे, विणकराचा कधी नसे. म्हणून आम्ही कॅसार यांना निराळाच प्रश्न विचारला असता. साहेब, जुळणीच्या पट्ट्यावरच्या माणसाला महत्त्व नाही, हे ठरविले कोणी? त्या चौघांना वाटले की, या तुलनेने आपल्याला खाली ओढले. अपमान झाला खरा, पण त्यांच्याआधी तो पट्ट्यावरच्या बाईचा झाला, आणि ती तर त्या खोलीत हजरही नव्हती.

तिचे पुढे काय झाले, तेही सांगतो. फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने कॅलिफोर्नियातल्या सुमारे १७०० लोकांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले आणि उत्पादन हाँगकाँग व तैवानला नेले. त्यानंतर तेथे युनियन बांधण्याचा प्रयत्न झाला, पण मतदानात तो हरला. इकडे आमच्या चाळीत गिरणीचा भोंगा ऐकू येईनासा झाला, तोही याच काळात. दोन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत आणि आम्ही त्यांची ओढूनताणून गाठ घालीत नाही. पण सकाळी डबा भरण्याचे कारण संपले की घरात जी शांतता पसरते, ती दोन्हीकडे सारखीच असणार.

आता या संग्रहाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. तो नुसते खेळ देत नाही. वर्षांच्या क्रमाने कागद, जाहिराती आणि मुलाखती लावून, हे खेळ कोणी आणि कसे केले, ते दाखवितो. ज्यांची नावे डबीवर येऊ दिली नव्हती, ती माणसे तेथे स्वतःच्या तोंडाने बोलतात. चाळीस वर्षांनी का होईना, नाव लागले. उणीव एवढीच की, डब्या जुळविणारे हात तेथेही आम्हांला फारसे भेटले नाहीत.

आम्ही पुतणीला विचारले, "तू तपासलेल्या खेळात शेवटी नावे येतात ना? तुझे दाखव." ती म्हणाली, "काका, आमचे नाव येत नाही. कंपनीचे येते." आमचे रक्त तापले आणि आम्ही भाषणच सुरू केले. मे २०२२ मध्ये अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरमधल्या खेळ तपासनिसांनी १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली, हे सांगितले. रेव्हन कोणाच्या मालकीची? ॲक्टिव्हिजनच्या. नावासाठी चौघांनी काढलेल्या कंपनीत, ४२ वर्षांनी तपासनिसांना आपली दखल घ्यावी म्हणून मतदान करावे लागले! तुम्हीही एकत्र या, असे आम्ही तिला सांगितले.

ती शांतपणे उठली आणि कपाटातून आमच्या युनियनची रौप्यमहोत्सवी स्मरणिका घेऊन आली. तिचे संपादक आम्हीच. एका कारखान्यात ६३ दिवस संप चालला होता, त्याचे छायाचित्र तीत आहे. खाली ओळ आहे : डावीकडून अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार व इतर. पुतणीने बोट ठेवले. ते 'इतर' म्हणजे तिची आई, आमची वहिनी. ६३ दिवस दोनशे माणसांच्या भाकऱ्यांची व्यवस्था तिने पाहिली आणि वर्गणीची वही एका पैशाचीही चूक न होता ठेवली. ते छायाचित्र निवडताना आम्ही तिला ओळखले नव्हते काय? ओळखले होते. पण ओळीत जागा कमी होती, आणि काढायला सोपे असे नाव तिचेच होते.

आम्ही वहिनींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "भावोजी, राहू द्या हो." असे म्हणणारे लोक असतात म्हणूनच जगाचे असे चालते. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघते आहे. तीत चार पाने नावांची आहेत आणि ती मिळविण्यासाठी आम्ही तीन महिने घरोघर फिरलो. काही नावे मिळाली नाहीत, तेथे जागा कोरी ठेवली आहे. पुतणीच्या कचेरीत काय चालले आहे, ते सांगण्याची ही वेळ नाही, पण दर रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला सातआठ मुले-मुली येतात, एवढे सांगतो.

आपल्याकडे एकच मागणे आहे. घरात मुले खेळत असतील, तर खेळ संपल्यावर नावांची जी लांब यादी सरकू लागते ती पुढे ढकलू देऊ नका. दोन मिनिटे जवळ बसा आणि वाचा. आणि यादी संपल्यावर मुलांना विचारा की, यात कोण राहिले असेल?