गाडी येईपर्यंतचं काम आपलं

आपल्या बचत गटाच्या वहीत कर्ज असतं, हप्ता असतो, व्याज असतं, बैठकीला गैरहजर राहिल्याचा दंडही असतो. आमच्या गटांनी आणखी एक वही सुरू केली आहे. तिच्यात पैशाचा हिशोब नाही. ती का सुरू करावी लागली, ते आज सांगतो.

आमचं गाव चाकण एमआयडीसीच्या कडेला आहे. शेतं गेली आणि तिथं पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. गटातल्या कितीतरी जणींचं घर आता खोल्यांच्या भाड्यावर चालतं. भाडेकरू परभणीचे, बुलढाण्याचे, बिहारचे. कोण आलं, कोण गेलं, शेजाऱ्यालाही कळत नाही.

पावसाळ्यातली रात्र होती. आमच्या गटातल्या एका ताईंच्या खोलीत राहणाऱ्या मुलीच्या अंगावरून रक्त जायला लागलं. आठवा महिना. नवरा रात्रपाळीला, आणि कंपनीत आत मोबाईल नेऊ देत नाहीत. ताईंनी १०८ ला फोन लावला. तो लगेच उचलला. "पत्ता सांगा." ताई म्हणाल्या, "कंपनीच्या मागं, आमच्या खोल्या." आता इथं कंपनीच्या मागं कंपनीच आहे. गाडी हायवेच्या पलीकडं जाऊन थांबली. परत फोन, परत चौकशी, त्यात वेळ गेला.

दवाखान्यात विचारलं, रक्तगट कुठला? रक्त कमी होतं का? बीपी वाढायचं का? कुणालाच माहीत नाही. तिचं कार्ड माहेरी राहिलं होतं. तिथून तिला आणखी मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. ती वाचली, पण बाळ वाचलं नाही.

त्या आठवड्याची बैठक कुणाला बोलवेना. मग आशाताई म्हणाल्या, "ती इथं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." खरं होतं. आम्ही भाडं घेतलं, पण आशाताईंना निरोप दिला नाही.

मैत्रिणींनो, सरकारी सोय आहे. १०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतात. १०२ ची गाडी गरोदर बाई आणि एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळासाठी आहे, तीही फुकट. उपकेंद्रात सिस्टर आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे, पिंपरीला वायसीएम आहे. पण आशाताईंना माणूस माहीत असतो, आणि १०८ चा फोन घेणाऱ्याकडं सगळ्या राज्यातून फोन येत असतात. त्याला आपली गल्ली कशी माहीत असणार? या दोघांची गाठ घालून द्यायचं काम गावातच व्हायला हवं. आमची वही त्यासाठी आहे.

वहीत काय लिहितो? खोलीत गरोदर बाई राहायला आली, की घरमालकीण त्याच आठवड्यात आशाताईंना सांगते. भाडेकरू असली तरी तिची नोंद आपल्या गावात होते, तपासणी होते. तिच्या माता-बाल कार्डावरचा रक्तगट, हिमोग्लोबिन आणि बाळंतपणाची तारीख वहीत उतरवतो. नवऱ्याच्या कंपनीच्या गेटवरचा फोन नंबरही घेतो. हे सगळं तिला विचारून, आणि वही अध्यक्षांच्या घरीच राहते. चारचौघींत वाचायची ती नाही.

दुसरं, पत्ता. प्रत्येक गल्लीची खूण ठरवली आहे. गाव, फाटा, मंदिर किंवा शाळा, विजेच्या खांबावर नंबर असेल तर तोही. फोनवर तेवढंच सांगायचं आणि फोन चालू ठेवायचा. एकजण बॅटरी घेऊन फाट्यावर उभी राहते. गाडी शोधत फिरत नाही.

तिसरं, वाट. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकातली कोंडी आपल्याला ठाऊक आहे. ज्या बाईचं बीपी वाढतं, रक्त फार कमी आहे किंवा आधीचं सिझर आहे, तिनं कळा येईपर्यंत थांबू नये. बाळंतपण कुठं करायचं, आधी दाखल व्हायचं का, हे नवव्या महिन्याच्या आत सिस्टरला आणि डॉक्टरांना विचारून ठेवावं. आणि एका दवाखान्यातून दुसरीकडं पाठवलं, तर दोन गोष्टी मागा: चिठ्ठी द्या, आणि पुढं फोन करून कळवा.

हे फक्त बाळंतपणापुरतं नाही. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. आपल्या खेड तालुक्यातल्या पाईटजवळच्या पापळवाडीच्या बायका पिकअपमधून कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. घाटात गाडी दरीत गेली. बऱ्याचजणी गेल्या, कितीतरी जखमी झाल्या. त्या आपल्यासारख्याच होत्या. अशा आडवाटेला पहिले हात गावकऱ्यांचेच लागतात. म्हणून लक्षात ठेवा. पहिल्याच फोनमध्ये जखमी किती ते सांगा, म्हणजे तेवढ्या गाड्या निघतील. वाहत्या रक्तावर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. आग किंवा दुसरा धोका नसेल, तर जखमीला ओढू नका, मान हलवू नका. पोलिसांना घाबरून मागं राहू नका. अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. आणि हो, मालवाहू पिकअपमध्ये माणसं बसवायची नाहीत, एवढं तर गटानं ठरवूच शकतो.

साप चावला, तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं जाऊ नका. अंगठी, बांगड्या काढा, हात-पाय हलू देऊ नका. निघण्याआधी सिस्टरला फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठल्या केंद्रात आहे ते विचारा आणि सरळ तिथंच न्या.

वही सुरू केली, तेव्हा पहिल्याच महिन्यात आशाताईंच्या यादीत नसलेल्या बायका सापडल्या. एकीच्या पायांना आणि तोंडाला सूज होती, डोकं दुखत होतं. उन्हामुळं होत असेल, असं ती समजत होती. तिला त्याच दिवशी केंद्रात नेलं. बीपी खूप वाढलेलं निघालं. वेळेत उपचार झाले, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळ चांगलं आहे.

शंभर पानी वहीला फार पैसे पडत नाहीत. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की दहा मिनिटं काढा. आशाताईंना बोलवा. गल्लीची खूण ठरवा. फाट्यावर कोण उभं राहणार, तिचं नाव लिहा. आणि आपल्या खोल्यांमध्ये कोण राहतं, ते जाऊन विचारा.