मांजराच्या पिलाची शेवटची टोचणी

मांजर आपली पिले सात घरे फिरवते, असे म्हणतात. ह्या फिरतीत एखादे पिलू नाहीसे झाले तर ते बोक्याने नेले असे मानायचे, आणि एका रात्रीत दोन-तीन दगावली तर कोणी विष घातले असा संशय घ्यायचा, ही जुनीच रीत. पुष्कळदा खरा अपराधी निराळाच असतो. पॅनल्यूकोपेनिया असे अवघड नाव असलेला हा रोग पार्व्हो गटातील विषाणूमुळे होतो. त्याचे कारण विषाणू आहे हे १९२८ साली फ्रान्समध्ये दाखवून देण्यात आले. माणसाला तो होत नाही.

शरीरात जेथे पेशी झपाट्याने वाढतात तेथे हा विषाणू घाला घालतो. आतड्याचे अस्तर झडते, मज्जेचे काम थंडावते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. मांजर ओकते, हगवणीने क्षीण होते. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसते, परंतु घोटभर पाणीही पीत नाही. विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाइन आणि शुश्रूषा ह्यांवरच भिस्त असते. लस न मिळालेली लहान पिले बहुधा वाचत नाहीत.

"आमचे मांजर उंबरठाही ओलांडत नाही," असे पुष्कळ गृहिणी सांगतात. पण वहाणा उंबरठा ओलांडतातच! हा विषाणू वहाणेच्या तळाला, कपड्याला चिकटून घरात येतो आणि वर्षभर तग धरू शकतो. स्पिरिटला तो दाद देत नाही. ब्लीचच्या द्रावणाने मरतो.

लस आहे, आणि उत्तम आहे. तरी लस टोचलेले पिलूही कधीकधी दगावते. ह्याचे कारण आईच्या दुधात आहे. जन्मानंतर पहिल्या काही तासांत पिलू चीक पिते, त्यातून आईची प्रतिद्रव्ये त्याला मिळतात. ती विषाणूला अडवतात, तशीच लसीलाही निष्फळ करतात. कोणा पिलात ती आठव्या आठवड्यात ओसरतात, कोणात सोळाव्या; एकाच वेतातील भावंडांतही फरक पडतो, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणूनच ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, निदान १६ आठवडे पुरे होईपर्यंत, पुनःपुन्हा टोचावे लागते. गृहस्थ चुकतो तो येथेच. आठव्या आठवड्यात एक सुई झाली, पिलू बागडते आहे, मग पुन्हा त्रास कशाला, असे म्हणून कार्ड कपाटात जाते.

पुढे सहा महिन्यांचे ते वर्षाचे होईपर्यंत आणखी एक, आणि नंतर साधारणपणे तीन वर्षांनी एक टोचणी पुरते. रेबीजची लस वेगळी. एकीने दुसरीचे काम होत नाही. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस देऊ नये, पोटातील पिलांच्या मेंदूला इजा पोचते.

रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिलाची जन्मतिथी कोणास ठाऊक नसते. पशुवैद्य त्याचे दात पाहतो. पुढचे दुधाचे दात पडून नवे येऊ लागले, की पिलू चार महिन्यांच्या आसपासचे समजावे. शेवटच्या टोचणीचा सुमारही तोच.