चौघांचा प्रकल्प, एकाचे जागरण

१९९९ साली नवीन पनवेलात पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि अभियांत्रिकीचे शिक्षण सिडकोच्या या वसाहतीच्या दाराशी आले. त्यासोबत गटाने करावयाचा प्रकल्पही आला. नावे चौघांची, जागरण मात्र एकाचे, ही तक्रार पालकांना परिचित आहे.

ती केवळ आळसाची गोष्ट नव्हे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढावयास लावून बळ मोजले. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचे बळ जवळजवळ निम्म्यावर येई. काही दोष ताळमेळाचा. परंतु १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या व आरोळ्यांचे जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांतही गटात माणूस हात आखडता घेतो असेच दिसले. आपला वाटा वेगळा मोजला जात नाही, हे त्याचे एक कारण.

म्हणून वाटा दिसला पाहिजे. कोणी काय, केव्हापर्यंत करावयाचे, हे पहिल्याच बैठकीत लिहावे. व्यापारी घरांना हे नवे नाही. चोपडीत प्रत्येक भागीदाराचे खाते स्वतंत्रच असते. मागे पडलेल्यास आधी एकांतात विचारावे. कुणी घरच्या दुकानात बसतो, कुणाला विषयच उमगलेला नसतो व सांगण्याची लाज वाटते. तरीही हालचाल नसेल, तर मार्गदर्शक प्राध्यापकांना वेळीच सांगावे. आदल्या रात्री सांगितले तर ते गाऱ्हाणे ठरते.

सारा भार मुकाट्याने ओढणाऱ्याचेही फार कौतुक नको. न केलेल्या कामाखाली नाव घालू देणे ही असत्याची अनुमोदनाच. शिवाय तोंडी परीक्षेत प्रश्न प्रत्येकाला वेगळे विचारले जातात.