अपयशानंतरची तालीम



पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तीन कर्मे मध्ये विसावा न घेता एकामागून एक पार पाडण्याची जी शर्यत ट्रायथलॉन या नावाने रूढ झाली आहे, तिची ओढ कृष्णाकाठच्या तरुणांना लागावी हे स्वाभाविकच आहे. १९७८ साली हवाई बेटांवर पंधरा जणांनी जिचा आरंभ केला आणि बारा जणांनीच जी पुरी केली, ती आयर्नमॅन स्पर्धा २०१९ साली अर्ध्या अंतराच्या रूपाने गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आली : समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे. अशा शर्यतीतील विजेत्यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकतो. मला आज बोलावयाचे आहे ते मुदत टळल्यामुळे वाटेतच थांबविला गेलेला, महिनोन्महिने सरावापासून दूर राहिलेला, आणि एके दिवशी पुन्हा पाण्यात उतरू पाहणारा जो स्पर्धक, त्याच्याविषयी.

एका दिवसाच्या निकालाला आपल्या सामर्थ्याचा अखेरचा निवाडा मानणे हा त्याच्या मनाचा पहिला प्रमाद होय. या एकाच प्रमादातून दोन विपरीत वर्तने उद्भवतात : कोणी त्या वाटेला पुन्हा जातच नाही, तर कोणी गेलेली इभ्रत एका आठवड्यात वसूल करण्याच्या ईर्ष्येने पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने धावू लागतो आणि पायाला दुखापत करून घेतो.

यासंबंधी शरीरशास्त्राची साक्ष मोठी उद्बोधक आहे. सराव थांबल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त कमी होते, आणि म्हणून परतलेल्या माणसाला थोड्याशा श्रमानेही धाप लागते. परंतु वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येने स्नायूंत विणले गेलेले केशवाहिन्यांचे जाळे सुमारे तीन महिन्यांच्या खंडानंतरही बव्हंशी शाबूत राहते. उसाची तोडणी झाल्यावर ओसाड दिसणाऱ्या रानात बुडख्यांखाली मुळे जिवंत असतात, हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे? परंतु बुडखे जमिनीलगत छाटून, बगला फोडून, नांग्या भरून वेळेवर खतपाणी दिले तरच खोडवा साधतो. आपोआप येईल म्हणून सोडून दिलेला खोडवा शेतकऱ्याच्या पदरी निराशाच टाकतो. शरीराचीही मशागत अशाच क्रमाने व्हावी. हृदय आणि फुप्फुसे लवकर पूर्वपदावर येतात, पण कंडरा सावकाश बळावतात. म्हणून पहिले काही आठवडे सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, अंतर हळूहळू वाढवावे, सायकलीवरून उतरताच थोडे धावण्याचा सराव त्यानंतर हाती घ्यावा, आणि नदीत एकट्याने कधीही उतरू नये.

मशागतीइतकेच अगत्याचे आहे ते कारणाचे शोधन. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा लाल मातीत घडलेल्या त्या मल्लाला गादीवरची कुस्ती नवखी होती. त्यांनी उणीव ओळखली, चार वर्षे ती भरून काढण्यात वेचली, आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आपल्या मुलखात आणले. वाटेत थांबविल्या गेलेल्या स्पर्धकानेही असेच विचारावे की आपले बळ कमी पडले, की संथ पाण्यात पोहणाऱ्याला लाटांचा परिचय नव्हता, की सायकलीवर असताना अन्नपाण्याची तजवीज चुकली; कारण प्रत्येक उत्तराचा उपाय निराळा आहे.

आणि जेथे जुनी वाट कायमचीच बंद होते तेथे काय करावे, याचा दाखला आपल्याच पेठ-इस्लामपूर भागात जन्मलेल्या मुरलीकांत पेटकरांनी घालून दिला आहे. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. त्याने पोहण्याची साधना आरंभिली आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक जिंकले. ज्याला केवळ काही महिन्यांचा खंड पडला आहे, त्याने या चरित्रापुढे निरुपाय झाल्याची कैफियत कशी मांडावी?

श्रोतेहो, खाशाबांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, ते पदक मिळण्यापूर्वी. माणसाच्या परतण्यावर समाजाने ठेवलेला विश्वास हीच त्या पदकाची पूर्वतयारी होती. आपल्या गावातील हरून आलेल्या मुलाला घर गहाण टाकणारा माणूस हवाच असे नाही. त्याच्यासोबत पहाटे घाटावर जाणारा, त्याच्या पुन्हा निघण्याला वेड न म्हणणारा एखादा वडीलधारा लाभला तरी पुष्कळ आहे. तेवढे ऋण आपण प्रत्येकाने आपल्या शिरावर घ्यावे.