दासोपंतांची पासोडी आणि आपला हिशेब
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस, एक वस्त्र जतन करून ठेवलेले आहे. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशी ती जाडीभरडी पासोडी दासोपंतांची होय. दासोपंत (१५५१–१६१५) म्हणजे ‘गीतार्णवा’सारखा अफाट ग्रंथ रचणारे पुरुष. ज्यांना शब्दांची वाण कधीच पडली नाही, त्यांनी पंचीकरण सांगताना ओव्यांच्या जोडीला आकृत्या का काढाव्यात?

विषयच तसा आहे. आकाश, वायू, तेज, आप व पृथ्वी या पाच सूक्ष्म भूतांपैकी प्रत्येकाचे दोन भाग करावयाचे. एक अर्धा स्वतःजवळ ठेवून दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग इतर चौघांस वाटावयाचे. म्हणजे स्थूल पृथ्वीत निम्मी पृथ्वी आणि बाकीच्या चौघांचा एकेक अष्टमांश. मी हे बोलत असता आपल्यापैकी कितीजण बोटे मोजीत होते! हेच पाच घरांचे कोष्टक करून समोर टांगले, तर शाळकरी मुलासही उमगते. पंतांनी पांघरण्याच्या वस्त्राचाच फळा केला. गाण्याचेही त्यांना वावडे नव्हते. त्यांनी गाण्यासाठी पुष्कळ पदे रचली.

ते कापड कोणी विणले, हे मात्र कोणी सांगत नाही. माग चालविणाऱ्या कुळात जन्मलेल्या माझ्यासारख्यास हे जरा बोचते.

असो. गतवर्षी याच सभेत विद्यार्थी-साहाय्य निधीचा हिशेब पाऊण तास वाचला गेला. आकडे बिनचूक होते. तरी शेवटी मागच्या रांगेतील एका वृद्ध भगिनीने विचारले, “बाबा, माझ्या पाचशे रुपयांचं काय झालं?” सभेत हशा पिकला. मला हसू आले नाही. त्या माउलीला उत्तर मिळालेच नव्हते. यंदा त्यांच्या आळीतून एकही वर्गणी आली नाही, आणि तेवढ्याने दोन मुलींचे वसतिगृहाचे पैसे अडले आहेत.

माझी सूचना एवढीच, की पुढील हिशेब कापडावर मांडावा. शंभर रुपयांचा एक चौकोन. वह्यापुस्तकांचा एक रंग, वसतिगृहाचा दुसरा, प्रवासाचा तिसरा. चित्रे आपल्या मुलींनीच काढावीत. ज्या वडीलधाऱ्या भगिनींना जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांनी त्याच चालीवर जमाखर्च गाऊन दाखवावा. पावत्या व वही तपासनिसांसाठी आहेतच; त्यांस धक्का लावावयाचा नाही.

काही मित्र म्हणाले, चित्रांनी हिशेब पोरकट दिसेल. पासोडीवर तर वेदान्त आहे. तो पोरकट झाला असे मी अद्याप ऐकले नाही.

चाळीस फूट नकोत, दहा पुरेत. कापड मी देतो. रंगांची व्यवस्था कार्यकारिणीने करावी, आणि त्या आजींना पुढच्या रांगेत बसवावे.