लेझीमचा ताल आणि आरोग्याची शिस्त
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचे विवरण आपल्या हाती आहेच. आपल्या अनुमतीने मी एका नव्या खर्चाविषयी बोलणार आहे. सातपूर परिसरातील ९ ते १२ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून तीन दिवस लेझीमवर्ग आणि त्याला जोडून आरोग्यशिक्षण, असा हा प्रस्ताव आहे.

रुग्णालयाने लेझीम का शिकवावी, असा प्रश्न आपल्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे.

सातपूर ही कारखान्यांची वसाहत. श्रमिकनगर, अशोकनगर यांसारख्या भागांत आई-वडील दोघेही कामावर जातात, अशी घरे पुष्कळ आहेत. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुलांकडे पाहणारे कोणी नसते. व्यसनाची पहिली ओळख होते ती अशाच वेळी. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखूचे सेवन करताना आढळले. तोंडावाटे खाण्याची तंबाखू चाखलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच चाखली होती. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; परंतु बंदीने मुलांचा रिकामा वेळ भरून निघत नाही.

दुसरा धोका रक्तक्षयाचा. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार १० ते १९ वयोगटातील सुमारे ४० टक्के मुली आणि १८ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त होते. शासनातर्फे ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि त्यापुढील वयोगटाला निळी लोहगोळी आठवड्यातून एकदा देण्याची योजना आहे. गोळी मोफत आहे. अवघड आहे ते दर आठवड्याचे सातत्य. शाळा बुडवणारे किंवा स्थलांतरित कुटुंबातील मूल नेमके येथेच निसटते.

व्याख्यानाला मुले एकदा येतात. हलगी वाजू लागली की रोज येतात. लेझीम स्वस्त आहे, तिला फार मोठी जागा लागत नाही, आणि 'चार आवाज', 'आठ आवाज' शिकताना कोणी मागे पडला तर सारी रांग त्याच्यासाठी थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने या वयासाठी दररोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सांगितला असून, आठवड्यातून किमान तीन दिवस तो जोमदार असावा, असेही म्हटले आहे. शिवाय इतरांच्या आधी धाप लागून खाली बसणारी मुलगी प्रशिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. तिची रक्ततपासणी आणि गरज भासल्यास हृदयतपासणी वेळीच करता येईल. मासिक पाळी सुरू होताच मुली मैदान सोडतात. म्हणून त्याआधीच आपल्या परिचारिका भगिनींनी त्यांच्याशी आणि त्यांच्या मातांशी मोकळेपणाने बोलावे, अशी योजना आहे.

नाचल्याने रक्तातील लोह वाढत नाही. ते गोळीने आणि आहाराने वाढते. लेझीमचे काम मुलाला ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी आणण्याचे. त्यामुळे हा वर्ग केवळ २६ जानेवारीच्या प्रदर्शनापुरता नसावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; न झालेला आजार ताळेबंदात कोणत्या सदरी मांडावा, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ककखालील २००६ च्या योजनेनुसार एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जाते. ती रक्कम खाटेवरच्या गरीब रुग्णाची आहे. तिला हात न लावता या उपक्रमाचे स्वतंत्र खाते असावे आणि मुलांची उपस्थिती, तपासण्या व झालेला खर्च यांचा हिशेब दर तिमाहीस देणगीदारांपुढे ठेवला जावा.

देणगीदारांकडे मी साहित्य, प्रशिक्षकाचे मानधन आणि तपासणीखर्च यांसाठी साहाय्य मागतो. पालकांकडे मागणे एवढेच की, मुलींना मध्येच घरी बसवू नका. विश्वस्त मंडळाने एका वर्षासाठी मान्यता द्यावी आणि उपस्थितीपट पाहून पुढील निर्णय घ्यावा.